कोकणातील नदीखोऱ्यांतले गरम पाण्याचे झरे कसे पाहावेत

कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणारे बहुतेक प्रवासी थेट कुंडापाशी जातात, पाय बुडवतात, छायाचित्रे काढतात आणि अर्ध्या तासात पुढच्या गावाची वाट धरतात. एवढ्याने झरा पाहून होत नाही. ज्या नदीने कातळ कापून खोरे तयार केले, त्या खोऱ्याच्या तळाशीच झरा उमटतो, आणि ती नदी व तो कातळ पाहिल्याशिवाय पाणी तिथेच का आले याचे उत्तर मिळत नाही. म्हणून या भटकंतीचा क्रम आधी नदी आणि तिचा कातळ, त्यानंतर झऱ्याचा उगम आणि सर्वांत शेवटी स्नान असा ठेवावा. पुढील सर्व सूचना याच क्रमाला धरून आहेत.

हे झरे कुठेही विखुरलेले नाहीत. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, ३०० किलोमीटरांहून अधिक लांबीवर ते जवळजवळ एका रेषेत आढळतात. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी तानसा नदीच्या खोऱ्यात आहेत. पालीजवळचे उन्हेरे अंबा नदीच्या खोऱ्यात, महाडजवळचे सव सावित्रीच्या काठी, अरवली गड नदीच्या काठी आणि राजापूरजवळचे उन्हाळे अर्जुना नदीच्या खोऱ्यात आहे. नकाशावर ही गावे पेन्सिलीने जोडून पाहावीत. निघण्यापूर्वी एवढे केले तरी प्रवासाला एक सूत्र मिळते.

उष्णता येते कुठून

कुंडापाशी उभे असताना सर्वाधिक ऐकू येणारे विधान म्हणजे खाली जिवंत ज्वालामुखी आहे. ते खरे नाही. कोकणातला काळा कातळ ज्वालामुखीजन्यच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. पण तो लाव्हा केव्हाच थंड झाला. आजच्या झऱ्यांची उष्णता पृथ्वीच्या अंतर्भागाची नेहमीची उष्णता आहे. जमिनीत जितके खोल जावे तितके तापमान वाढते, आणि ही वाढ सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस असते.

सह्याद्रीवर आणि त्याच्या पायथ्याशी पडणारा पाऊस कातळातल्या भेगांतून खाली झिरपतो, खोलवर तापतो आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून पुन्हा वर येतो. कोकणच्या किनाऱ्याला समांतर अशा मोठ्या भेगा आहेत. पनवेलच्या परिसरापासून दक्षिणेकडे लाव्हाचे थर समुद्राच्या दिशेने वाकलेले दिसतात, आणि जिथे कातळ वाकतो तिथे तो तडकतोही. नद्या स्वाभाविकपणे अशाच तडकलेल्या, कमकुवत पट्ट्या पकडून वाहतात. खोऱ्याचा तळ हा आसपासच्या प्रदेशातला सर्वांत खालचा भाग असल्यामुळे दाबाखाली वर येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला तीच जागा सोपी असते. कोकणातले बहुतेक गरम झरे नदीच्या किंवा व्हाळाच्या काठी सापडतात, त्याचे कारण हे आहे.

हे कळले की प्रत्येकाला एक छोटा हिशेब स्वतः करता येतो. झऱ्याच्या उगमाचे तापमान मोजावे, त्यातून कोकणातील जमिनीजवळचे सरासरी तापमान, म्हणजे सुमारे २७ अंश, वजा करावे आणि उरलेल्या संख्येला २५ ते ३० ने भागावे. पाणी किमान किती किलोमीटर खोल जाऊन आले असावे, याचा ढोबळ अंदाज मिळतो. ७० अंशांच्या झऱ्यासाठी हे उत्तर दीड ते पावणेदोन किलोमीटर येते. वर येताना पाणी वाटेत निवते आणि कधी थंड भूजलही त्यात मिसळते, म्हणून प्रत्यक्ष खोली याहून अधिक असण्याची शक्यता धरावी. मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. शाळेतल्या भागाकाराने पायाखालच्या दीड किलोमीटरचा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट त्यांना कोणत्याही माहितीफलकापेक्षा अधिक लक्षात राहते.

केव्हा जावे

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पहाटे हवेत गारवा असतो, त्यामुळे पाण्यावरची वाफ स्पष्ट दिसते आणि उगम नेमका कुठे आहे हे दुरूनही ओळखता येते. जानेवारीपासून नद्यांचे पाणी उतरते, पात्रातला कातळ उघडा पडतो आणि त्यातले रांजणखळगे पाहता येतात. एप्रिल-मे महिन्यांत दमट उकाड्यामुळे गरम पाण्यात उतरण्याची इच्छाही राहत नाही; शिवाय मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असल्यामुळे एसटी, रेल्वे आणि कुंडे यांपैकी कुठेही सवड मिळत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात नदीकाठच्या झऱ्यांवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात कोकण हिरवेगार दिसते हे खरे, परंतु याच नद्या काही तासांत किती चढतात ते महाडने आणि चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी अनुभवले आहे. सह्याद्री अगदी जवळ आणि उतार तीव्र असल्यामुळे घाटमाथ्यावरचा पाऊस खाली पोहोचायला वेळ लागत नाही. काठावर ऊन असतानाही पाणी वाढू शकते. काठालगतचे झरे त्या दिवसांत नदीच्या पाण्याखाली जातात किंवा त्यात मिसळून कोमट होतात, त्यामुळे धोका पत्करूनही पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

कोरड्या ऋतूतही वरच्या बाजूला धरण असलेल्या नदीत सावध असावे. कोयना प्रकल्पात वीजनिर्मिती झाल्यानंतरचे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते, त्यामुळे पाऊस नसतानाही तिची पातळी दिवसभरात कमीजास्त होते. पात्रात उतरण्यापूर्वी काठावरच्या कातळावर पाण्याची ओली रेघ कुठवर आहे ते पाहावे आणि पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवावा. खूण बुडू लागली तर लगेच वर यावे. वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्री या नद्यांमध्ये मगरींचा वावर आहे, हेही विसरू नये. महाड, खेड आणि चिपळूण परिसरात संथ डोहाच्या काठी बसून पाय सोडू नयेत, आणि स्थानिकांनी ज्या जागेबद्दल सांगितले त्या जागेपासून दूरच राहावे.

काय बरोबर असावे

सामान थोडेच लागते, पण त्यात तापमापक हवाच. घरातला ताप मोजण्याचा तापमापक येथे चालत नाही; त्याची मर्यादा ४२ अंशांच्या आसपास संपते, आणि पाऱ्याचा असेल तर फुटून पारा पाण्यात जाण्याचा धोका असतो. स्वयंपाकघरात वापरला जाणारा, लांब दांडीचा आणि १०० अंशांपर्यंत मोजणारा डिजिटल तापमापक घ्यावा. मोजताना हात पाण्यापासून लांब राहावा म्हणून तो बांबूच्या काठीला बांधावा. पायात रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला असाव्यात, कारण ओल्या बेसॉल्टवरचे शेवाळ फार निसरडे असते आणि घसरल्यावर माणूस कुठे पडेल हे गरम झऱ्यापाशी विशेष महत्त्वाचे ठरते. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे, माणशी दोन लिटर. सुती कपड्यांचा एक जोड, पंचा, वही आणि पेन्सिल एवढे पुरते. चांदीचे दागिने घरी ठेवावेत; अनेक झऱ्यांच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू विरघळलेला असतो, ज्यामुळे गंधकाचा वास येतो, आणि त्याने चांदी काळी पडते.

झऱ्याकडे कसे जावे

गावात पोहोचल्यावर वाहन मंदिरापाशी किंवा मोकळ्या जागी लावावे आणि कुंडाकडे न जाता प्रथम नदीवर जावे. पुलावरून किंवा साकवावरून पात्राच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना पाहावे. कोकणातल्या उघड्या कड्यांत लाव्हाचे थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक दिसतात. घट्ट बेसॉल्टचा थर उभा, जवळजवळ भिंतीसारखा राहतो. त्याच्यावरचा किंवा खालचा, वायूच्या पोकळ्यांनी भरलेला थर लवकर झिजतो आणि तिथे पायरीसारखा सपाट भाग तयार होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पातळ पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन त्याच्या पृष्ठभागाची माती झाल्यानंतर दुसरा लाव्हा त्यावरून वाहत आला, याची ती खूण आहे. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, मात्र तांबडा जांभा असतो. तो लाव्हाचा थर नसून मूळ कातळ ऊनपावसात कुजून तयार झालेला दगड आहे.

त्यानंतर पात्रातल्या उघड्या कातळावर, पाण्यापासून सुरक्षित अंतर ठेवून, भेगांची दिशा पाहावी. सोबत होकायंत्र किंवा मोबाइल असेल तर ती दिशा वहीत लिहून ठेवावी. भूवैज्ञानिक ज्याला डाइक म्हणतात अशी, जुन्या लाव्हाला चिरून उभी घुसलेली कातळाची भिंत कोकणात बऱ्याच नद्यांमध्ये आडवी किंवा तिरकी दिसते. तिचा दगड शेजारच्या दगडापेक्षा वेगळा आणि अधिक घट्ट असतो. अशा भिंतीच्या कडेने जमिनीखालचे पाणी अडते आणि वर येते, म्हणून झरा आणि डाइक जवळजवळ आढळले तर त्याचे आश्चर्य वाटू नये. कातळातल्या गोल, गुळगुळीत खोलगट रांजणांमध्ये वाकून पाहावे. पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरून ते कोरले गेले आहेत आणि ते गोटे कित्येकदा तळाशी तसेच पडलेले असतात. कातळातल्या लहान पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक चमकतात, ते बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्‌झ असते. हातोडीने ते काढू नये. जो पुढच्या वर्षी येईल त्यालाही ते तिथेच दिसले पाहिजे.

आता झऱ्याकडे वळावे, पण खालून वर. कुंडातून बाहेर पडणारे पाणी ज्या चरातून नदीला मिळते, त्या चराच्या टोकापासून सुरुवात करून उगमाकडे चालत जावे आणि थोड्या थोड्या अंतरावर तापमान मोजावे. चराच्या तळाशी रंगांचे पट्टे दिसतील. गरम पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हिरवट, पिवळसर, नारिंगी असे थर तयार करतात आणि पाणी निवत जाते तसे ते बदलत जातात; सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव साधारण ७० अंशांच्या थोड्या पुढे तग धरत नाहीत. रंगांची आणि तापमापकाच्या आकड्यांची सांगड घालून पाहणे हा या भटकंतीतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटांपलीकडे काही खर्च होत नाही. हे थर चिखल समजून खरवडू नयेत. ते जिवंत आहेत आणि फार हळू वाढतात.

उगमापाशी बुडबुडे येताना दिसतात आणि पाहणाऱ्यांना पाणी उकळत असल्यासारखे वाटते. कोकणातल्या कोणत्याही झऱ्याचे पाणी उकळत नाही. ते बुडबुडे खालून येणाऱ्या वायूचे असतात आणि त्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो. येथे तापमापक उगमाच्या भेगेजवळ एक मिनिट धरून ठेवावा. वहीत तारीख, वेळ, हवेचे तापमान, उगमाचे, कुंडाचे आणि चराच्या टोकाचे तापमान, वास आणि पाण्याचा रंग यांची नोंद करावी. ऋतू बदलल्यावर पुन्हा येणार असाल, तर ही नोंद पहिल्या भेटीपेक्षा दुसऱ्या भेटीत अधिक उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. अनेक गावांत उगमावर सिमेंट आणि फरशी घालून कुंड बांधलेले आहे. स्नानाची सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे, परंतु उगमाची भेग, बुडबुडे आणि कातळ पूर्णपणे झाकले गेले की झरा आणि नळाचे पाणी यांत पाहणाऱ्याला फरक उरत नाही, आणि कधी कधी पाणी आपली वाट बदलून दुसरीकडून फुटते. गावात कुणी नव्या बांधकामाचा विषय काढला, तर उगमाचा निदान एक कोपरा उघडा ठेवावा असे आवर्जून सुचवावे. पाहुण्याचे बोलणे ग्रामस्थ ऐकतात, विशेषतः त्या पाहुण्याने आधी अर्धा दिवस त्यांच्या नदीवर घालवला असेल तर.

पाण्यात उतरताना

तापमान मोजल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत गंभीरपणे भाजते, ७० अंशांच्या पाण्याला एक सेकंदही पुरतो, आणि मुलांची त्वचा त्याहून लवकर भाजते. स्नानासाठी ४० अंश ही वरची मर्यादा धरावी. त्याहून गरम कुंड असेल तर बादलीत पाणी घेऊन निववावे आणि अंगावर घ्यावे. गावातली जुनी माणसेही असेच करतात. पाण्यात दहा ते पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये, बाहेर येताना सावकाश उठावे, कारण गरम पाण्याने रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, आणि त्यानंतर सावलीत बसून पाणी किंवा कोकम सरबत प्यावे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले आणि मद्य घेतलेले यांनी उतरू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही, म्हणून त्यांनी तापमापकावरच विश्वास ठेवावा.

डोके पाण्याखाली नेऊ नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. उबदार गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असा संसर्ग अत्यंत दुर्मिळ असला तरी झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. मुलांच्या बाबतीत हा नियम कडकपणे पाळावा. हे पाणी पिऊही नये. खोलवरच्या कातळातून येताना त्यात बरेच क्षार विरघळतात, त्यात फ्लोराइडही असू शकते, आणि अनेकांनी स्नान केलेल्या कुंडाचे पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेण्याचा आग्रह कुणी केला तरी नम्रपणे नाकारावा. त्वचारोग बरा होतो या श्रद्धेने येणारे पुष्कळ आहेत. त्यांनी श्रद्धा ठेवावी, पण वैद्याचे औषध थांबवू नये, आणि उघडी जखम किंवा संसर्ग असताना सार्वजनिक कुंडात उतरू नये.

कुणी भाजलेच तर त्या भागावर निदान वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडत राहावे. हळद, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. अंगठी-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, आणि फोड मोठे असतील तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून रेंज कुठवर आहे हे येतानाच पाहून ठेवावे.

बहुतेक कुंडे मंदिराच्या आवारात किंवा त्याला लागून आहेत आणि गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहेत. सकाळची वेळ त्यांची असते. पाहुण्यांनी त्यानंतर जावे. स्त्रियांची आणि पुरुषांची कुंडे वेगळी असतील तर तो नियम पाळावा, स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, साबण, शाम्पू आणि निर्माल्य पाण्यात टाकू नये. गुरवांना किंवा शेजारच्या घरी विचारून मगच पुढे जावे. या विचारण्यातूनच झऱ्याविषयीची खरी माहिती मिळते, म्हणजे कोणत्या महिन्यात पाणी कमी होते, कोणत्या पुरात कुंड गाळाने भरले होते, नवी भेग कुठे फुटली. ही माहिती कोणत्याही नकाशात सापडत नाही.

कुठून सुरुवात करावी

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी संगमेश्वर तालुक्यापासून सुरुवात करावी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. अरवली, तुरळ आणि राजवाडी ही तीन ठिकाणे मुंबई-गोवा महामार्गावर किंवा त्याच्या अगदी जवळ, एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. एका सकाळीत तिन्ही पाहता येतात आणि तिन्हींचे पाणी तीन वेगळ्या तापमानांचे आहे. चिपळूणकडून येताना प्रथम अरवली लागते. तिथले पाणी ४० अंशांच्या आसपास, म्हणजे स्नानाला योग्य असते आणि गड नदीचे पात्र शेजारीच असल्यामुळे नदी, कातळ आणि झरा हे तिन्ही एकाच जागी पाहता येतात. गड नदीवर वरच्या बाजूला धरण आहे हे मात्र ध्यानात ठेवावे. पुढे तुरळचे पाणी ६० अंशांच्या घरात जाते. तिथे मुलांचा हात सोडू नये. कुंड महामार्गापासून जवळ असल्यामुळे गाडीतून उतरून थेट पाण्याकडे धावण्याची त्यांची प्रवृत्ती असते. राजवाडीचे पाणी या दोहोंच्या मध्ये, पण स्नानासाठी तेही निववूनच घ्यावे लागते. राजवाडी हे महामार्गाच्या गोंगाटापासून दूर, शेतांनी वेढलेले शांत गाव आहे आणि तिथले लाकडी कोरीवकामाचे सोमेश्वर मंदिर सावकाश पाहण्याजोगे आहे. तिन्ही ठिकाणांच्या नोंदी वहीत एकाखाली एक लिहिल्या की इतक्या थोड्या अंतरात तापमान एवढे कसे बदलते हा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि त्याचे उत्तर भेगांच्या खोलीत व थंड पाण्याच्या मिसळण्यात शोधावे लागते.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांना अरवली रोड किंवा संगमेश्वर रोड ही स्थानके सोयीची आहेत, परंतु अरवली रोडला मोजक्याच गाड्या थांबतात. संगमेश्वरहून पुढे रिक्षा ठरवावी किंवा वडापने जावे. एसटीचे वेळापत्रक आगारात प्रत्यक्ष विचारून घ्यावे आणि शेवटची गाडी कोणती हे सकाळीच लिहून ठेवावे.

ज्वालामुखीच्या कातळात कोरलेली खरी खोल दरी पाहायची असेल, तर दुसरा दिवस देवरुखमार्गे मार्लेश्वरसाठी राखून ठेवावा. तिथे गरम झरा नाही. पण धारेश्वर धबधबा जिथे कोसळतो त्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक मोजता येतात, आणि बावनदीचा प्रवास तिथूनच सुरू होतो. आदल्या दिवशी खोऱ्याच्या तळाशी पाहिलेले पाणी ज्या उंचीवरच्या पावसाचे आहे, ती उंची येथे डोळ्यांसमोर उभी राहते. शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून सकाळी लवकर निघावे. मकर संक्रांतीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत दरी पाहण्याच्या हेतूने जाण्यात अर्थ नाही.

दापोली तालुक्यातील उन्हवरे हा दुसरा चांगला पर्याय आहे. तिथले पाणी या संपूर्ण पट्ट्यात सर्वाधिक तापलेल्यांपैकी, म्हणजे ७० अंशांच्या आसपास आहे, आणि गंधकाचा वास गावात शिरतानाच येतो. वर दिलेला खोलीचा हिशेब करायला यासारखी जागा नाही, मात्र उगमाजवळ जाण्याची घाई करू नये. त्याच फेरीत कोटजाई नदीच्या खोऱ्यातील पन्हाळेकाजीची २९ लेणी पाहावीत. ती त्याच बेसॉल्टमध्ये खोदलेली आहेत, आणि लेण्यांच्या भिंतींवर कातळातल्या पोकळ्या हाताच्या अंतरावरून निरखता येतात. या भागात एसटीच्या फेऱ्या कमी असल्यामुळे स्वतःचे वाहन किंवा दिवसभराची रिक्षा हवी.

उत्तरेकडची ठिकाणे थोडक्यात सांगतो. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी मुंबईहून एका दिवसात होतात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतल्यानंतर वज्रेश्वरीचे मंदिर बांधले गेले. तिथे रविवारी गर्दी फार असते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊन अकलोलीत तानसेच्या पात्राच्या बाजूचे झरे पाहावेत. पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनासाठी येणाऱ्यांनी उन्हेरेसाठी दोन तास वाढवावेत, संकष्टी आणि अंगारकी टाळून. सवला जाताना सावित्रीच्या मगरींविषयी वर सांगितलेले लक्षात असू द्यावे.

सर्वांत दक्षिणेला राजापूर आहे. येथे दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि प्रवासी त्यांची हमखास गल्लत करतात. उन्हाळे येथील झरा गरम असून तो बारमाही वाहतो. त्याचे पाणी ४२ अंशांच्या आसपास असल्यामुळे थोडे निववून स्नान करता येते. वरच्या अंगाला असलेली राजापूरची गंगा मात्र थंड पाण्याची आहे आणि ती अधूनमधून प्रकटते. साधारण तीन वर्षांनी येऊन दोन-तीन महिने राहते असा तिचा पूर्वीपासूनचा लौकिक असला तरी अलीकडे तिचे येणे अनियमित झाले आहे. जमिनीखालच्या पोकळीत पाणी ठराविक पातळीपर्यंत भरल्यावर सायफनप्रमाणे ते एकदम वाहू लागते, असे त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण दिले जाते. गंगा आलेली असेल तर तिथल्या १४ कुंडांचे पाणीही तापमापकाने तपासावे आणि उन्हाळे येथील झऱ्याच्या नोंदीशेजारी लिहावे. गंगा आली आहे की नाही हे निघण्यापूर्वी राजापुरातल्या ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करून विचारावे. राजापूर रोड हे रेल्वे स्थानक शहरापासून बरेच दूर आहे, त्यामुळे रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर रिक्षा आधीच सांगून ठेवावी.